डिस्चार्जनंतरचा पहिला महिना: हृदयरुग्ण पुन्हा अ‍ॅडमिट का होतो आणि घरी काय सांभाळायचं

घरी जाऊन महिना व्हायच्या आत परत आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना मी आधी धापेबद्दल विचारत नाही. विचारते, "घरी गेल्यापासून वजन किती भरत होतं?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "सिस्टर, वजन कसलं वाढतंय, जेवण तर निम्म्यावर आलंय!" आणि तेवढ्यात पेशंटचे मोजे काढले की घोट्याच्या वर इलॅस्टिकचा खोल वळ दिसतो. नडगीवर अंगठा दाबून धरला तर खळगा पडतो आणि बराच वेळ भरत नाही. जेवण कमी झालं हे खरंच असतं, आणि वजन वाढलं हेही खरं असतं. वाढलं ते पाणी.

हृदयरोग विभागात बरीच वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. ज्या रात्री रुग्णाला झोपता येत नाही आणि गाडी काढावी लागते, त्या रात्री काहीच 'अचानक' झालेलं नसतं. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचं वजन रोज नोंदवून केलेल्या अभ्यासात दिसलंय की अ‍ॅडमिट व्हायच्या आधी किमान आठवडाभर वजन चढायला लागलेलं असतं. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत बसवायचा एक छोटा सेन्सर मिळतो, त्यात तर दाब त्याच्याही आधी वाढलेला दिसतो. म्हणजे आपल्या हातात साधारण आठवडा असतो. हा लेख त्या आठवड्याचा उपयोग कसा करायचा, त्याबद्दल आहे.

बोलणं मुख्यतः हार्ट फेल्युअरबद्दल आहे. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदय चालू असतं, पण शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकलण्यात किंवा आत भरून घेण्यात कमी पडतं, आणि मग मागे पाणी तुंबतं. हार्ट अ‍ॅटॅक आणि स्टेंटवाल्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलंय.

आधी कारणांचं चित्र

अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या रुग्णांच्या सरकारी विम्याच्या नोंदींवरून २०१३ साली एक मोठा अभ्यास आला. हार्ट फेल्युअरने अ‍ॅडमिट झालेल्यांपैकी जवळपास २५ टक्के आणि हार्ट अ‍ॅटॅकवाल्यांपैकी जवळपास २० टक्के लोक ३० दिवसांत परत आले. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हार्ट फेल्युअरवाल्यांपैकी जे परत आले, त्यातले साधारण ३५ टक्केच हार्ट फेल्युअरसाठी आले. बाकीचे न्यूमोनिया, किडनी, जंतुसंसर्ग, पडणं, पोटाच्या तक्रारी अशा दुसऱ्याच कारणांनी.

असं का, याचं एक उत्तर डॉ. हार्लन क्रमहोल्झ यांनी त्याच वर्षी मांडलं. हॉस्पिटलमधला मुक्काम हाच शरीराला दमवतो, असं त्यांचं म्हणणं. झोप मोडते, जेवण पोटात जात नाही, आठ दिवस पलंगावर काढून मांड्यांतली ताकद जाते, नव्या औषधांनी डोकं जड होतं. माणूस घरी येतो तो मूळ आजारातून सावरत असतो आणि वरून या दमणुकीतूनही. म्हणून सगळं लक्ष नुसत्या हृदयावर ठेवून भागत नाही.

पायरी १: हॉस्पिटलचं दार ओलांडायच्या आधी

डिस्चार्जच्या दिवशी सगळी घाई बिलाची आणि गाडीची असते. फाइल मिळाली की लोक निघतात. त्याआधी दहा मिनिटं थांबा आणि काही गोष्टी लिहून घ्या.

आजचं वजन. पाणी पुरेसं उतरल्यावरच्या वजनाला आम्ही 'ड्राय वेट' म्हणतो, आणि पुढचा सगळा हिशोब त्या आकड्यावर चालतो. अंगात पाणी शिल्लक असताना घरी जाणं हे परत येण्याचं एक मोठं कारण आहे. तेव्हा सरळ विचारा: "पाणी पूर्ण उतरलंय का? आडवं झाल्यावर धाप लागत नाही ना, हे बघितलंत का?" आमच्याच वॉर्डातून एकदा एक काका वजन न करता घरी गेले, कारण त्या सकाळी काटा दुसऱ्या मजल्यावर नेलेला होता. डिस्चार्जच्या कागदावर, म्हणजे समरीत, तीन दिवसांपूर्वीचं वजन चढवलं गेलं. घरी त्यांचा मुलगा रोज इमानदारीने वजन करत होता, पण तुलना करायचा आकडाच चुकीचा होता. अकराव्या दिवशी काका परत आले. चूक आमची होती.

इकोवरचा (हृदयाच्या सोनोग्राफीवरचा) ईएफचा आकडा, म्हणजे दर ठोक्याला हृदयातलं किती टक्के रक्त बाहेर ढकललं जातं तो, विचारून घ्या. तो ४० टक्के किंवा त्याखाली असेल तर औषधांचा एक ठरलेला संच असतो आणि तो संच समरीत आहे का, हे बघता येतं. क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम शेवटचं किती होतं आणि पुन्हा कधी तपासायचं, ते विचारा. पहिल्या भेटीची तारीख हातात घेऊनच निघा. "पुढच्या आठवड्यात कधीतरी या" ही तारीख नव्हे. शेवटी, रविवारी रात्री त्रास झाला तर कुठला नंबर फिरवायचा, तेही कागदावर हवं.

सांगितलेलं समजलं का, हे तपासायची आमची एक पद्धत आहे: आम्ही रुग्णालाच उलट सांगायला लावतो. सिस्टरने विचारलं नाही तर तुम्ही स्वतःहून म्हणा, "मी सांगतो, चुकलं तर थांबवा." सात औषधं तोंडी सांगताना चौथ्यावर अडखळायला होतं. अडखळायचं तर ते तिथेच अडखळलेलं बरं.

पायरी २: सगळ्या गोळ्या एका टेबलावर

ही पायरी मी सगळ्यात मोठी मानते. घरी पोचल्यावर त्याच दिवशी घरातली प्रत्येक स्ट्रिप एका टेबलावर काढा. कपाटातली, पर्समधली, देवघराच्या खणातली, सगळी. शेजारी डिस्चार्जची यादी ठेवा. ब्रँडचं नाव सोडून द्या. त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते वाचा.

एका आजींच्या पिशवीतून मी एकदा फ्युरोसेमाइडच्या, म्हणजे लघवीच्या गोळीच्या, दोन वेगळ्या रंगांच्या स्ट्रिप्स काढल्या. एक जुनी, एक हॉस्पिटलने दिलेली. आजी दोन्ही घेत होत्या, "एक पाण्याची, एक सुजेची" असं समजून. त्या आल्या होत्या ते चक्कर येऊन पडल्या म्हणून, धापेसाठी नव्हे.

याहून घातक जोडी म्हणजे सॅक्युबिट्रिल-वालसार्टन ही हार्ट फेल्युअरची गोळी आणि घरात उरलेली जुनी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल. ही एकत्र कधीच घ्यायची नसतात. जुनी बंद केल्यावर नवी सुरू करताना ३६ तासांचं अंतर ठेवावं लागतं, नाहीतर ओठ, जीभ, घसा सुजून श्वास अडकू शकतो. बंद केलेली स्ट्रिप घरात ठेवू नका, एवढा नियम पाळला तरी हा धोका टळतो.

ईएफ कमी असलेल्यांच्या उपचाराचे चार खांब असतात: वरच्यासारखी रक्तवाहिन्या सैलावणारी गोळी, बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारी गोळी), स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटच्या गोळीवरून घराघरांत घोळ होतो. दुकानात कुणीतरी सांगतं "ही शुगरची गोळी," रुग्ण म्हणतो "मला शुगर नाही," आणि गोळी बंद. खरं तर मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअर रुग्णांनाही तिचा फायदा होतो, म्हणूनच ती लिहिलेली असते. तसंच "बीपी नॉर्मल आलं" म्हणून बीटा ब्लॉकर सोडणं. बीपी नॉर्मल असतानाही तो हृदयासाठी चालू असतो आणि एकदम थांबवला तर धडधड, छातीत दुखणं उसळू शकतं.

चारही औषधं यादीत आहेत पण डोस अगदी छोटे आहेत, असंही होतं. आणि ते महिनोन्‌महिने छोटेच राहतात, कारण वाढवायला कुणी बोलावत नाही. २०२२ च्या 'स्ट्राँग-एचएफ' या चाचणीत डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत पूर्ण डोसपर्यंत जायचं आणि सहा आठवड्यांत वारंवार तपासायचं, असं करून पाहिलं. १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा अ‍ॅडमिट होणं, नेहमीच्या पद्धतीत २३.३ टक्के होतं, या पद्धतीत १५.२ टक्के. हे घरच्या घरी करायचं काम नव्हे. दर वेळी बीपी, नाडी, किडनी आणि पोटॅशियम बघावं लागतं. पण पहिल्या भेटीत "डोस वाढवायचा आहे का?" हे विचारणं तुमच्या हातात आहे.

आता लपलेले शत्रू. गुडघा दुखला म्हणून घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक शरीरात मीठ-पाणी अडवून धरते आणि किडनीवर ताण टाकते. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम भरपूर असतं. ५०० मिलिग्रॅमच्या फसफसत्या पॅरासिटामॉलच्या एका गोळीत जवळपास एक ग्रॅम मिठाइतकं. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून जे मिळतं त्यात बरेचदा पोटॅशियम घातलेलं असतं, आणि वरच्या गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक पातळीला चढू शकतं. सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, स्टेरॉइड, मधुमेहाची पायोग्लिटाझोन हीदेखील याच रांगेतली. दुकानातून स्वतःहून काहीही घेताना "हार्ट फेल्युअर आहे" हे शब्द आधी बोला.

जुलाब, उलट्या किंवा कडक ताप आला आणि पोटात पाणीही राहत नसलं, तर लघवीच्या आणि काही इतर गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात. कोणत्या आणि किती दिवस, ते फोन करूनच ठरवा.

पायरी ३: वजनाची वही

सकाळी उठल्यावर, लघवी करून, काही खाण्यापिण्याआधी, रोज साधारण तेवढ्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. काटा कडक फरशीवर ठेवा. गालिच्यावर तो काहीही सांगतो. वहीत तारीख, वजन, घोट्याची सूज आहे किंवा नाही, आणि काल रात्री किती उशा घेतल्या. उशांचा रकाना लोकांना गंमतीचा वाटतो, पण एका उशीवरून दोनवर, दोनवरून तीनवर आणि मग खुर्चीत बसून झोप, हा प्रवास वजनाइतकाच बोलका असतो. खाली वाकून चप्पल घालताना धाप लागणं, हेही लिहून ठेवण्यासारखं.

फोन कधी करायचा? युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांत तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढ हा इशारा धरतात. अमेरिकेत एका दिवसात किलो-दीड किलो किंवा आठवड्यात सव्वादोन किलोच्या आसपास. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. काही रुग्णांना डॉक्टर आधीच सांगून ठेवतात की अमुक वजनाला लघवीची गोळी इतकी वाढवायची. असा लेखी आराखडा मागून घ्या. तो नसेल तर मनाने गोळी वाढवू नका.

वही फसते ती दोन ठिकाणी. एक, वजन रोज अर्धा-पाव किलोने चढतं आणि कालच्याशीच तुलना होते. कालपेक्षा थोडंसंच, म्हणून सोडून दिलं जातं. तुलना ड्राय वेटशी करा. दुसरं, माणूस खरोखर कृश होत जातो. दोन किलो मांस गेलं आणि दोन किलो पाणी भरलं तर काटा तोच आकडा दाखवतो. म्हणून वजन स्थिर असूनही सूज आणि धाप वाढली, तर विश्वास सुजेवर ठेवा. आणि हो, वजन खाली घसरणंही कळवायचं असतं: दोन किलोने उतरलं, उभं राहिल्यावर अंधारी येतेय, लघवी कमी झालीय, म्हणजे गोळी जास्त होत असू शकते.

पायरी ४: मीठ आणि पाणी

इथे मी पूर्वीपेक्षा मवाळ झालेय. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा, ही मर्यादा समंजस आहे. पण सोडियम अगदी १,५०० मिलिग्रॅमच्या खाली आणलं म्हणून अ‍ॅडमिट होणं किंवा मृत्यू कमी झाले नाहीत, असं २०२२ च्या 'सोडियम-एचएफ' चाचणीत दिसलं. फार अळणी जेवण दिलं की वयस्कर माणूस जेवणच सोडतो, आणि अशक्तपणाही त्याला परत हॉस्पिटलात आणतो. ताटातल्या मिठाच्या डबीवरून भांडण्यापेक्षा पाकिटबंद आणि खारवलेल्या पदार्थांकडे बघा. मीठ तिथे जास्त लपलेलं असतं.

पाण्याचंही तसंच. स्थिर असलेल्या रुग्णांना दिवसाला दीड लिटरच्या बंधनात ठेवून काही फायदा दिसला नाही, असं २०२५ साली नेदरलँड्समधल्या चाचणीत आढळलं. बंधन नसलेल्यांना तहान मात्र कमी सोसावी लागली. पण तुमच्या रुग्णाच्या रक्तातलं सोडियम खाली गेलं असेल किंवा अंगात अजून पाणी असेल, तर डॉक्टर बंधन घालतील आणि ते पाळायचं.

पायरी ५: पहिली भेट, ७ ते १४ दिवसांत

२००९ साली अमेरिकेतल्याच नोंदींवरून दिसलं होतं की ३० दिवसांत परत आलेल्या, ऑपरेशनसाठी नव्हे तर औषधोपचारासाठी अ‍ॅडमिट झालेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांची मधल्या काळात एकाही डॉक्टरशी भेट झाल्याची नोंद नव्हती. "बरं वाटतंय, मग कशाला जायचं" हे मी रोज ऐकते. बरं वाटत असतानाच जायचं असतं, कारण तेव्हाच डोस वाढवता येतो. भेटीला वजनाची वही, सगळ्या स्ट्रिप्स आणि नवा रक्ताचा रिपोर्ट, तिन्ही न्या.

घरी नीट पाठपुरावा केल्यानेही फरक पडतो. १९९५ साली अमेरिकेत सेंट लुईसमध्ये सत्तरीपुढच्या २८२ रुग्णांवर अभ्यास झाला. परिचारिकेच्या पुढाकाराने शिकवण, आहार, औषधांची छाननी आणि घरी पाठपुरावा असं सगळं दिलं, तर ९० दिवसांत हार्ट फेल्युअरसाठी परत येणं ५६ टक्क्यांनी कमी झालं. मी परिचारिका असल्यामुळे हा आकडा जरा जास्तच सांगत असते.

पायरी ६: हृदयाशेजारचे आजार

किडनी आणि हृदय एकमेकांच्या ओढीत असतात. एकाचं औषध दुसऱ्याला बोचतं. म्हणून रक्ततपासणीची तारीख चुकवू नका. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी शरीरातलं लोह कमी असू शकतं. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन बघितलंय का, ते विचारा. ईएफ कमी असलेल्यांना शिरेतून दिलेल्या लोहाने हार्ट फेल्युअरसाठी अ‍ॅडमिट होणं कमी झाल्याचं दिसलंय. लोहाच्या गोळ्यांचा तसा उपयोग दिसलेला नाही.

नाडी बोटाने बघायला शिका. ठेका सुटलेला, वेडावाकडा लागला तर एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं, आणि त्याने चांगला चाललेला रुग्ण दोन दिवसांत बिघडतो. फ्लू आणि न्यूमोनियाची लस घ्या. रात्री मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास थांबणं असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

पायरी ७: माणूस एकटा आहे का, विसरतो का, खचलाय का

समरीत हे कुठेच लिहिलेलं नसतं. नैराश्य आलेला रुग्ण गोळ्या चुकवतो, चालत नाही, आणि त्रास सांगतही नाही. "मी ओझं झालोय" असं वाक्य आलं तर तेही लक्षण म्हणूनच डॉक्टरांना सांगा. विसरभोळेपणा असेल तर आठवड्याचा गोळ्यांचा डबा भरायचं काम एकाच माणसाकडे ठेवा. तिघांनी मिळून भरला की कुणीच भरलेला नसतो.

पायरी ८: चालणं

परवानगी मिळाली की पलंग सोडा. बोलता बोलता जमेल इतपत चालायचं, रोज थोडं वाढवायचं. जवळ कार्डिअ‍ॅक रिहॅब (हृदयरुग्णांसाठी देखरेखीखालचा व्यायाम आणि मार्गदर्शन) असेल तर नाव घाला. पुन्हा अ‍ॅडमिट होणं कमी करणारा हा उपाय आहे आणि सगळ्यात कमी वापरला जाणाराही.

स्टेंट किंवा हार्ट अ‍ॅटॅकनंतर

रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीची, ठरलेल्या मुदतीआधी एक दिवसही स्वतःहून थांबवू नका. स्टेंटमध्ये गुठळी होऊन परत अ‍ॅटॅक येण्याचं ते ठळक कारण आहे. दात काढायचा म्हणून कुणी बंद करायला सांगितलं, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन. काळी शौच किंवा न थांबणारं रक्त आलं तरी तेच: लगेच दाखवा, गोळीचा निर्णय डॉक्टर घेतील. तंबाखू आणि सिगारेटबद्दल वेगळं लिहायला नको.

फोन न करता थेट निघायचं कधी

बसल्या जागी धाप, गुलाबीसर फेसाळ बेडका, छातीत दाब येऊन विश्रांतीनेही न जाणं, शुद्ध हरपणं, ओठ निळे पडणं, अचानक गोंधळल्यासारखं बोलणं. इथे वही, वजन, उशा सगळं बाजूला ठेवून रुग्णवाहिका बोलवा.

आकड्यांच्या मागे न लागण्याबद्दल

'परत येणं' कमी झालं म्हणजे रुग्ण बरे झाले, असं मानणं धोक्याचं आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०१२ पासून जास्त रीअ‍ॅडमिशन असलेल्या हॉस्पिटलांना दंड लागायला लागला. परत येण्याचे आकडे खाली आले, पण हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचे डिस्चार्जनंतरच्या ३० दिवसांतले मृत्यू वाढल्याचं २०१८ च्या एका विश्लेषणात दिसलं. दंडामुळेच वाढले का, यावर अजून वाद आहे. मी घरच्यांना एवढंच सांगते की "सिस्टर रागावतील" म्हणून यायचं टाळू नका.

गेल्या वर्षी एक बाई सकाळी नऊ वाजता वही घेऊन आल्या. नवऱ्याचं वजन तीन दिवसांत २.१ किलोने वाढलं होतं, उशी एकाची दोन झाली होती, बाकी ते स्वतः जिना चढून आले होते आणि "हिने उगाच आणलं" म्हणून कुरकुरत होते. डे-केअरमध्ये शिरेतून फ्युरोसेमाइड दिलं, रक्त तपासलं, गोळीचा डोस बदलला. बाईंनी वहीत 'संध्याकाळी ५, दीड किलो उतरलं' असं लिहिलं आणि दोघं रात्रीच्या जेवणाला घरी गेले.